कोरगावात पास्ता, न चाखता

एकसष्टाव्या वर्षी, जन्मात कणकेला हात न लावलेला माणूस पास्ता करायला शिकण्यासाठी गोव्याला निघाला आहे, ही बातमी आमच्या गल्लीला दोन महिने पुरली असती. म्हणून मी बेळगावहून सकाळची पहिली बस धरली. कोपऱ्यावरच्या दूधवाल्याने तरी हटकलंच. त्याला म्हटलं, देवाला चाललोय. खोटं बोललो, पण फार खोटं नाही.

कारण सांगतो. कुंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, गेल्या वर्षी घशाचा कर्करोग निघाला. किरणोपचारांनी गाठ गेली आणि जाता जाता जिभेची चवही घेऊन गेली. तोंडात लाळ सुटेनाशी झाली. भाकरी बोचते, भात घशात चिकटतो, टोमॅटोने आग होते. डॉक्टरांनी बजावलं होतं की अंडं पोटात जाऊ द्या, वजन वाढलं पाहिजे, नाहीतर पोटात नळी घालून अन्न द्यावं लागेल. नळीचा विषय निघाला की कुंदा भिंतीकडे तोंड करून झोपते. पुढची तपासणी तीन आठवड्यांवर आली होती आणि काटा तसूभर हलत नव्हता.

अशात आमच्या आरतीने, मुलीने, एकदा हॉटेलातून पास्ता आणला. कुंदाने वरचा सॉस बाजूला सारून त्यातल्या चार-पाच पट्ट्या गिळल्या आणि म्हणाली, "घसरतं." एवढंच. दुसऱ्या दिवशी मी दुकानातून पास्त्याची पाकिटं आणून उकडली. तो पास्ता कितीही शिजवला तरी एक तर कडक राहायचा, नाहीतर लगदा व्हायचा. हॉटेलवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला की आमचा ताजा असतो, रोज अंडं घालून करतो. तेव्हा मला नलूताईची आठवण झाली.

नलूताई ही कुंदाची मामेबहीण, पेडणे तालुक्यातल्या कोरगावात दिलेली. तिच्या घराची पुढची खोली रोझाबाय नावाच्या एका इटलीच्या म्हाताऱ्या बाईने ओळीने नऊ हिवाळे भाड्याने घेतली होती. तिच्याकडून नलूताई पास्ता शिकली, आणि पुढे मांद्र्याच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी घरबसल्या करून देऊ लागली. तिच्या हातचा पास्ता खायला खुद्द इटलीची माणसं येतात, हे आमच्या नातेवाइकांत अभिमानाने सांगितलं जातं. मी फोन केला. तिने कुंदाची चौकशी केली आणि "या" म्हणाली. निघताना कुंदा म्हणाली की तीन दिवस घरात शांतता लाभेल. किरणांनी तिचा आवाजही निम्माच ठेवला आहे, त्यामुळे ही थट्टा मला वाकून ऐकावी लागली.

चोर्ल्याचा घाट एप्रिलमध्ये कोरडाठाक असतो. दऱ्यांमध्ये धूसर ऊन साठलेलं, करवंदाच्या जाळ्या धुळीने माखलेल्या. पण घाट उतरून केरीला आलं की हवाच बदलते. ती अंगाला चिकटते आणि तिला पिकलेल्या काजूच्या बोंडांचा आंबूस गोड वास येतो. साखळीला बस बदलायची होती, तेवढ्यात स्टँडजवळच्या हॉटेलात पातळ भाजी आणि उंडो (कडक पाठीचा गोल पाव) खाल्ला. भाजी फर्मास होती. उंडो मोडताना मात्र मनात आलं की ही साल कुंदाच्या घशाला चालणार नाही. हल्ली मी सगळं अन्न असंच बघतो, जाईल की नाही जाईल.

साखळीहून म्हापशाच्या बसमध्ये शेजारी एक साठीचा गृहस्थ बसला. डिचोलीच्या बाजूच्या खाणींवर त्याने बावीस वर्षं खनिजाचा ट्रक चालवला होता. खाणी बंद पडल्या तसा ट्रक विकला, आता मुलाच्या दुकानात बसतो. रस्त्यालगतच्या तांबड्या टेकड्या दाखवत त्याने कुठे किती ट्रकांची रांग लागायची ते सांगितलं. मी कुठे निघालो हे त्याने विचारलं, आणि का कोण जाणे, दूधवाल्याला जे सांगितलं नव्हतं ते मी त्याला सगळं सांगून टाकलं. परक्या माणसापुढे जीभ सैल सुटते.

"त्या वेळार आमच्या जेवणाक धुळीचीच रूच (चव) आसायची," तो म्हणाला. "पण बायलेन (बायकोने) पेज गरम दिली काय थंड, तें बरोबर कळायचें."

डिचोलीला बस बराच वेळ थांबली. त्याने खाली उतरून दोन पेले नीरो (काजूच्या बोंडांचा ताजा रस) आणला आणि पैसे देऊ दिले नाहीत.

म्हापशाहून पुढची बस कोलवाळचा पूल ओलांडून पेडण्यात शिरली आणि दुपारी बाराच्या सुमारास मी कोरगावात उतरलो. एका बाजूला काजूची टेकडी, दुसऱ्या बाजूला माडांखाली सुकलेली शेतं. नलूताई रस्त्यावर येऊन उभी होती. पासष्टीची, ठेंगणी, कोपरापर्यंत बाह्या सारलेली. माझ्या हातातल्या पिशवीतून तिने आधी अंड्यांची पेटी बाहेर काढली. बेळगावहून मांडीवर ठेवून आणलेली ती पेटी बघून ती हसली.

"भावजी, आज सोमार. आमगेर आज तांतयां (अंडी) चलनांत. फाल्यां (उद्या) बघया."

म्हणजे तीन दिवसांतला एक गेला. माझा स्वभाव उतावळा, मनात धुसफुसलो. पण पान वाढलेलं होतं. सोमवार म्हणून शिवराक (शाकाहारी) जेवण, भात, वरण, भाज्यांचं खतखतं आणि सोलकढी. सोलकढीची दुसरी वाटी रिचवेपर्यंत माझी धुसफुस निवली.

जेवणानंतर नलूताईने मला मागच्या पडवीत नेलं. तिथे एक लांबरुंद लाकडी फळी, एक हातभर लांब लाटणं आणि वेगळी शेगडी होती. अंड्याचं काम घरातल्या चुलीवर होत नाही, ते इथे. आज अंडं नाही म्हणून तिने मला नुसत्या पाण्यात मैदा भिजवायला लावला आणि लाटायला बसवलं. फळीशेजारी वर्तमानपत्र पसरून म्हणाली की पोळी एवढी पातळ झाली पाहिजे की तिच्यावर ठेवलेल्या... नाही, मीच चुकीचं सांगतोय. पोळी लाटून झाली की ती उचलून वर्तमानपत्रावर धरायची, आणि तिच्यातून मोठी अक्षरं वाचता आली पाहिजेत. माझ्या पोळीतून पहिल्या तासात काहीच वाचता आलं नाही. दुसऱ्या तासात पोळीला एवढी भोकं पडली की सगळं पान वाचता आलं. संध्याकाळी खांदे भरून आले होते. चौतीस वर्षं माझ्या ताटात रोज चपात्या पडल्या, त्या कुणीतरी लाटल्या होत्या, हे माझ्या खांद्यांना त्या दिवशी कळलं.

मंगळवारी सकाळी पोदेर (पाववाला) सायकलचा भोंगा वाजवत येऊन गेला आणि आम्ही कामाला लागलो. मैद्याचं आळं करायचं, मधे अंडी फोडायची, बोटांनी हळूहळू पीठ आत ओढायचं. बेळगावला एका अंड्याला जेवढा मैदा लागेल त्याहून इथे जास्त लागतो, कारण हवाच ओली. नलूताई माप सांगत नाही. पीठ बोटाला चिकटायचं थांबलं की पुरे, म्हणते. गोळा वाडग्याखाली झाकून ती माजघरात गेली तेव्हा माझ्यातला हुशार माणूस जागा झाला. कुंदा दिवाळीला शंकरपाळे करताना पिठात कडकडीत तेलाचं मोहन घालते आणि ते तोंडात विरघळतात, हे मी इतकी वर्षं पाहिलेलं. कुंदाला मऊच हवं आहे ना? मग मी शेगडीवर तेल तापवलं आणि गोळ्यात चांगलं पळीभर मोहन मुरवलं.

पट्ट्या उकळत्या पाण्यात पडल्या आणि बघता बघता विरघळून पाण्याची पेज झाली. नलूताईने झारा फिरवला, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"शंकरपाळे करतात काय भावजी?"

मी कबूल केलं. ती रागावली नाही. नव्याने पीठ भिजवून तिनेच लाटलं, कापलं आणि शिजवलं. लाल भोपळा शिजवून घोटलेला, त्यात लोणी आणि किंचित मीठ, त्यात त्या पट्ट्या घोळवल्या आणि ताटली माझ्यापुढे ठेवली. पास्ता मऊ होता आणि तरी अंगाने उभा होता, घास करावा तर आपणच घशाकडे निघायचा. हे कुंदा खाईल, हे मला पहिल्या घासाला कळलं. मी नलूताईला म्हटलं, तुम्हीही घ्या की. ती नको म्हणाली. मी आग्रह धरला.

"मी तांतयां खायना," ती म्हणाली. "मासळी खातां, तांतयां ना. पास्ता मी केन्नाच खावंक ना, भावजी."

मला वाटलं थट्टा करते आहे. थट्टा नव्हती. हिने इतकी वर्षं इटलीच्या माणसांना पास्ता खिलवला आणि स्वतः एकदाही तोंडात घातला नव्हता. माझं डोकं सटकलं. घाट उतरून, मांडीवर अंडी सांभाळत मी जिच्याकडे आलो तिला आपला पदार्थ कसा लागतो हेच ठाऊक नाही! मी जरा चढ्या आवाजात विचारलं की चाखलंच नाही तर चांगलं झालं की बिघडलं हे कळतं कसं, आणि जे स्वतःला कळत नाही ते मला काय शिकवणार. बोललो आणि लगेच जीभ चावली. पाहुणचार घेणाऱ्याने असं बोलू नये.

नलूताईने ताटली उचलली, धुतली, पालथी घातली. मग माझ्यासमोर येऊन बसली.

"आमच्या रांधपात (स्वयंपाकात) कोण चाखता? लग्न होवन आयलें तेन्नासावन (तेव्हापासून) देवाक दाखोवच्या आदीं मीठसुद्दां जिबेर घालूंक ना. हातान कळता."

तिच्या सासूने तिला तसंच वळण लावलं होतं. डोळ्यांनी, नाकाने आणि बोटांनी स्वयंपाक करायचा, तोंडाने नाही. रोझाबायला आधी हे पटेना. पहिल्या हिवाळ्यात ती दर वेळी पातेल्यातली पट्टी दाताने तोडून बघायची आणि नलूताई बोटात दाबून बघायची. दोघी एकमेकींना सांगायच्या. तिसऱ्या हिवाळ्यात रोझाबायने दात लावणं सोडून दिलं आणि नलूताईच्या बोटांवर सोपवलं. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण मी शाळेत असताना पाठ केली होती, ती परीक्षा घेणारी बोटं त्या दिवशी पाहिली.

मग नलूताईने मला जे विचारलं ते कुठल्याही डॉक्टरने विचारलं नव्हतं.

"कुंदा खंयच्या कुशीन चाबता?"

कुठल्या बाजूने चावते. मला सांगता येईना. तोंड किती उघडतं? पट्टी लांब असली तर ठसका लागतो का? गरम सोसतं की कोमट? कुंदाच्या रक्तातल्या लोहापासून वजनाच्या दशांशापर्यंत सगळे आकडे मला तोंडपाठ होते. औषधांच्या वेळा मी भिंतीवर लिहून लावल्या होत्या. पण ती समोर जेवत असताना मी तिच्या ताटात किती उरलं ते बघत होतो, तिच्या तोंडाकडे बघत नव्हतो. लाज वाटली. पडवीच्या पायरीवर जाऊन मी तिला फोन लावला.

"कुंदा, तू कुठल्या बाजूने चावतेस?"

ती म्हणाली, "हे विचारायला गोव्याला गेलात?"

आणि मग ती सांगू लागली. डाव्या बाजूने. उजवीकडे अजून सोलल्यासारखं होतं. लांब पट्टी घशात अर्धी आणि तोंडात अर्धी राहते, तेव्हा जीव घाबरतो. गरम नको, कोमट. मिठाचं काही कळत नाही, पण खरखरीत कडा लगेच कळते. "चव गेलीय हो," ती म्हणाली, "बाकी तोंड आहे की अजून." चार महिन्यांत आम्ही एवढं एका बैठकीत बोललो नव्हतो. फोन ठेवल्यावर मी थोडा वेळ पायरीवरच बसून राहिलो. बागायतीतून नलूताईचे यजमान पाण्याची मोटर बंद करून परत येत होते.

बुधवारचा अख्खा दिवस मी बोटांनी शिकलो. नलूताई पातेल्यातून एक पट्टी काढायची, गार पाण्यात बुडवायची आणि माझ्या अंगठ्याखाली ठेवायची. दाबली की आधी मधोमध एक बारीक कणी लागते. रोझाबायला ती कणी हवी असायची, धड चावता येणाऱ्या माणसांसाठी ती ठेवायची. कुंदासाठी ती जाऊ द्यायची. पण कणी गेल्यावर फार तर पन्नास अंक मोजायचे, त्यापुढे पट्टी बोटांत फुटते, आणि फुटलेली पट्टी घशात चिकटते. या दोन्हींच्या मधे जे काही आहे ते मला पकडायचं होतं. पट्ट्या दोन बोटांएवढ्याच लांब कापायच्या असं आम्ही ठरवलं. रोझाबायने हे पाहिलं असतं तर कपाळावर हात मारला असता, असं नलूताई म्हणाली. कडा खरखरीत राहू नयेत म्हणून सुरीला दर चार कापांनंतर पीठ लावायचं, हे तिचं स्वतःचं. दुपारपर्यंत माझी दहातली चार पातेली बिघडली. चारच्या चहानंतर मात्र ती डोळे मिटून बसली, मी दिलेली पट्टी बोटांत दाबली आणि तशीच पुढे सरकवून ठेवली. दुसरी दाबली, तीही ठेवली. तिसरीला म्हणाली, "ही कुंदाची."

गुरुवारी सकाळी निघालो. नलूताईने कुंदासाठी काही बांधून दिलं नाही. "तुमी करतलात (करणार) न्हय आतां," एवढंच म्हणाली. मी वाकून नमस्कार केला. ती वयाने माझ्याहून चारच वर्षांनी मोठी, ती संकोचली, पण मला तो करायचाच होता.

परतीच्या वाटेवर डिचोलीच्या बाजारात मुद्दाम उतरलो. हातभर लांब लाटणं हवं होतं. भांड्यांच्या तिसऱ्या दुकानात मिळालं. दुकानदाराने ते कागदात गुंडाळता गुंडाळता मला न्याहाळलं आणि म्हणाला की भाऊ, घरी बायको असताना असलं हत्यार आपल्या हाताने नेऊ नये. दुकानातली गिऱ्हाइकं हसली, मीही हसलो. घाट चढताना ते लाटणं मी पायांत उभं धरलं होतं. वाहकाने पुढच्या दाराजवळ ठेवा म्हणून सांगितलं, मी नाही ठेवलं.

बेळगावात पोचलो ते थेट संध्याकाळी. शुक्रवारी सकाळी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. कुंदाने आरतीला खुर्ची आणायला लावली आणि दाराशी बसून राहिली. मी पीठ भिजवलं, झाकलं, लाटलं. बेळगावची हवा कोरडी, पोळी लवकर सुकायला लागली, घाई झाली. कापताना सुरीला पीठ लावायला दोनदा विसरलो. कुंदा बघत होती. पट्ट्या पाण्यात सोडल्या आणि बोटांनी दाबत राहिलो. कणी गेली. पन्नास मोजायचे ते मनात मोजले.

भोपळ्याच्या रसात घोळवलेल्या पट्ट्या कोमट करून तिच्यापुढे ठेवल्या. तिने एक उचलली, डावीकडे सारली. गालाची हालचाल मी पाहत होतो, आता कुठे पाहायचं ते मला माहीत होतं. गेली. दुसरी गेली. पाच-सहा गेल्यावर ती थांबली. तिने एक पट्टी बोटांनी ताटलीतून बाहेर काढली आणि उजेडात धरली.

"अहो, ही जाड झालीय," ती म्हणाली. "आणि कडा बघा, उंदराने कुरतडल्यासारख्या."

आरती माझी समजूत काढायला पुढे झाली. तिला वाटलं मला लागलं असेल. तिला कसं सांगणार? चौतीस वर्षं कुंदाने माझ्या घडी घातलेल्या चादरीला, बांधलेल्या पिशवीला, निवडलेल्या भाजीला नाव ठेवलं आहे. आजारी पडल्यापासून तिने कशालाच नाव ठेवलं नव्हतं. खारट, अळणी, करपलेलं, काहीही पुढे केलं तरी ती "चालेल" म्हणायची आणि ताटली परत द्यायची. त्या "चालेल"ची मला नळीहून जास्त भीती वाटत होती, आणि हे मी कुणाला बोललो नव्हतो. मी नळ सोडून उगाच हात धुतले, कारण डोळे पुसायला दुसरं निमित्त नव्हतं.

प्रवासातून माणसाने काय आणलं असं विचारायची आपल्याकडे पद्धत आहे. मी गोव्याहून काजू आणले नाहीत, समुद्र तर पाहिलाही नाही. एका बाईने जो पदार्थ स्वतः कधी खाल्ला नाही, तो दुसऱ्याच्या तोंडाचा विचार करून कसा करायचा, एवढं बोटांत घेऊन आलो. तपासणी अजून पुढे आहे. काट्याचं आणि नळीचं काय होईल ते आज मला ठाऊक नाही.

ताटली रिकामी व्हायला त्या दुपारी पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात कुंदाने आणखी तीन पट्ट्यांना नावं ठेवली.